पोतं आपलं, डबी दुसऱ्याची



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की आम्हा येलदरी भागातल्या सभासदांच्या बैठकीत दोनच विषय निघतात. पुढचा हप्ता कधी, आणि दर किती. यंदा तिसरा विषय निघाला, आणि तो एका डबीमुळे निघाला.

गावातला एक मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. सुटीवर आला तेव्हा तिथल्या दुकानातून घेतलेली हळदीची छोटी डबी त्याने आईला दाखवायला म्हणून आणली. ती डबी हातोहात फिरत पारावर आली. झाकण एका बाजूनं उघडलं तर बारीक भोकं, म्हणजे भाजीवर हळद शिंपडता यावी. दुसऱ्या बाजूनं उघडलं तर चमचा जाईल एवढं तोंड. हात ओला असला तरी निसटू नये म्हणून अंगाला खाचा. मागच्या बाजूला छापलेलं होतं की हळद भारतातली, डबीत भरली तिसऱ्याच देशात. किंमत ऐकून म्हातारी माणसं आधी हसली आणि मग गप्प झाली. त्यांतले एक जुने सभासद म्हणाले, "हळद आपलीच दिसती. पण डबी काही आपली नाही. अन् पैसा तर समदा डबीतच हाय."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आपली गोष्ट अशीच आहे

आपल्या येलदरीला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. पूर्णा नदीवरचं धरण १९६८ साली आपल्या उशाशी पूर्ण झालं. पाणी इथं साठतं, इथल्या जनित्रांवर वीज तयार होते, पण कालव्याचं पाणी खाली सिद्धेश्वरवरून सुटतं आणि वसमत-परभणीकडची रानं भिजवतं. त्याबद्दल आमची कुणाशी तक्रार नाही. तिकडे आपलेच भाऊबंद आहेत. सांगायचं एवढंच, की साठा एका ठिकाणी आणि फायदा दुसऱ्या ठिकाणी हा प्रकार आपण जन्मभर पाहात आलो आहोत. मालाचंही तेच. ऊस आपण पिकवायचा, हळकुंडं आपण शिजवून वाळवायची, पोती आपण शिवायची, आणि पोतं फोडून त्यातून डबी, पुडी, बाटली करायची ती दुसऱ्यानं.

साखरेचा हिशेब पाहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला. त्या २०१८-१९ च्या हंगामात उसाची एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ३५५ रुपये ठरली. मूळ उताऱ्याची अट या काळात १० वरून १०.२५ टक्क्यांवर गेली, हे खरे; तरी ऊस महाग होत गेला आणि २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही किमान विक्रीदर ३१ वरच होता. परदेशात विकावे म्हणाल, तर जून २०२२ पासून साखरेची निर्यात सरकारी परवानगीखाली आली. २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीचा कोटा मिळालाच नाही. पुढच्या हंगामात जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. म्हणजे कच्च्या मालाचा भाव दिल्लीत ठरतो, पक्क्या मालाचा किमान भावही दिल्लीतच ठरतो, आणि बाहेर किती पाठवायचे तेही दिल्लीच ठरवते. यात कारखान्याच्या हातात राहते काय? उतारा, काटकसर आणि उपपदार्थ. आपले संचालक मंडळ आणि कामगार त्यासाठी झटतात, याबद्दल शंका नाही. पण साखर ही साखर. आपल्या पोत्यातली आणि दुसऱ्या कारखान्याच्या पोत्यातली, एकाच प्रतीची असली तर व्यापाऱ्याला दोन्ही सारखीच. जिथे माल सारखा दिसतो तिथे भाव घेणाराच सांगतो.

तांब्याचे उदाहरण

हल्ली वर्तमानपत्रांत 'डिझाईन' हा शब्द फार येतो. डिझाईनच्या जोरावर जगाच्या बाजारात किंमत मिळवा, असे मोठे लोक सभांतून सांगतात. आपल्याकडे डिझाईन म्हटले की लुगड्याचा काठ किंवा लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी डोळ्यांपुढे येते. आम्हीही तसेच समजत होतो. पण शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे, आणि तो समजायला इंग्रजी यावेच लागते असे नाही. आपल्या घरातला तांब्या समजला की पुरे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. देशभर हिंडून त्यांनी ज्या वस्तू पाहिल्या, त्यांत त्यांना सगळ्यांत सुंदर वाटला तो आपला साधा लोटा. तो कुणा एका माणसाने कागदावर काढलेला नाही. किती पाणी मावावे, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जाईल, तोंड किती म्हणजे पाणी सांडणार नाही आणि आत हात घालून घासताही येईल, भरलेला आणि रिकामा तोल कसा राहील, धातू कोणता, किंमत किती, मोडीत गेल्यावर काय मिळेल, या सगळ्याचा विचार पिढ्यान् पिढ्या होत होत तो आकार ठरला. त्या अहवालाच्या शिफारशीतून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने औद्योगिक डिझाईन केंद्र सुरू झाले.

तर डिझाईन म्हणजे वापरणाऱ्याच्या हातापासून सुरू होणारी आखणी. आपण काय पिकवतो इथून सुरुवात न करता, घेणारी बाई स्वयंपाकघरात उभी राहून काय करते, तिला अडचण कुठे येते, इथून उलटे चालत आपल्या बांधापर्यंत यायचे. ती डबी करणाऱ्याने एवढेच केले होते. ओल्या हाताचा विचार त्याने केला. आपण फक्त पोत्याच्या वजनाचा केला.

साखरेच्या व्यवस्थापकाची बायको

हा विचार साखरधंद्याला परका नाही. एक जुनी हकीगत सांगतो. पूर्वी युरोपात साखर शंकूच्या आकाराच्या मोठ्या ढेपेत मिळे. घरी ती हातोडीने, सांडशीने फोडावी लागे. मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, दाचित्से नावाच्या गावी साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. त्याचे व्यवस्थापक याकोब क्रिस्टोफ राड. त्यांच्या पत्नी युलियाना यांचे बोट साखर फोडताना कापले. तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या की तुम्ही साखरेच्या कारखान्यातले, मग सारख्या मापाचे तुकडे करून का देत नाही? अशी ती गोष्ट सांगतात. राड यांनी दाब देऊन चौकोनी वड्या पाडायचे यंत्र तयार केले आणि २३ जानेवारी १८४३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. तीच आजची चौकोनी साखर. त्या गावात आज साखरेच्या खड्याचे स्मारक आहे.

सभासदांनी लक्षात घ्यावे, की इथे साखर बदलली नाही. गोडी तीच. बदलला तो आकार आणि वापरण्याची सोय. आणि तो बदल कारखान्याच्या कचेरीत सुचला नाही, स्वयंपाकघरात सुचला. आपल्याकडे स्वयंपाकघराचे मत विचारले जाते का? आपल्या सभेला किती भगिनी असतात, आणि आल्या तर बोलतात किती, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

कोल्हापुरी पायताणाने काय शिकवले

आता अलीकडची गोष्ट. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा या बड्या कंपनीने कपड्यांचे प्रदर्शन केले. त्यात चालणाऱ्या पुरुषांच्या पायांत जी वहाण होती ती पाहून कोल्हापूरकर चमकले. ती सरळ सरळ कोल्हापुरी होती. कंपनीने तिला नुसते चामड्याची वहाण म्हटले होते. कोल्हापूरचे नाव कुठे नव्हते. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा या वहाणेमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाला. दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांतून व संगणकावरून विकायचे, असे जाहीर झाले. किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. आपल्या पैशात हिशेब केला तर ८० हजारांच्या वर!

यावर दोन तऱ्हेची मते आम्ही ऐकली. एक म्हणते, परदेशी कंपनीने आपली कला चोरली. दुसरे म्हणते, चला, निदान कोल्हापुरीला भाव तरी आला. आम्हास दोन्ही मते अर्धीच वाटतात.

चोरी म्हणावी तर कायदा काय सांगतो ते पाहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. पण मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. कंपनीने नाव वापरलेच नव्हते. आणि आपल्या देशातली नोंद आपोआप इटलीत चालत नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. नोंदणीचे मालक तुम्ही नाही, म्हणून ती टिकली नाही. यावरून असे दिसते की नुसता दाखला भिंतीवर टांगून मालाला भाव येत नाही. दाखल्याच्या मागे उभी राहणारी संघटना लागते.

आणि भाव आला म्हणावे, तर तो कशाला आला? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, अंगठा, पट्टा, कान हे सगळे कोल्हापूरच्या बाजारात आधीपासून होते. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. म्हणजे डिझाईन आपलेच होते. आपल्याकडे नव्हते ते काय? दुकान, नाव, गिऱ्हाईकाच्या पायाची मापे, प्रत्येक जोड सारखा उतरेल याची हमी, आणि ही वस्तू कुणी, कशी केली हे सांगण्याची रीत. ८०० युरो या सगळ्याचे मिळून आहेत. चपलेचे त्यातले थोडेच.

याला पिकतं तिथं विकत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ती म्हण आहे, शाप नव्हे. संत रोहिदास महामंडळाने त्याच २०२५ साली चपलेला क्यूआर कोड लावण्याचे काम पुढे आणले. तो चौकोनी ठिपक्यांचा शिक्का फोनवर पाहिला की जोड कुठला, कुणी केला, ते कळते. कारागिराचे नाव गिऱ्हाईकापर्यंत जाणे ही आमच्या मते त्या सगळ्या वादातून निघालेली सर्वांत कामाची गोष्ट आहे.

द्राक्षवाल्यांनी काय केले

कुणी म्हणेल, चपलेचे सोडा, शेतमालाचे बोला. तर शेतमालाचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते सहकाराचे आहे.

१९९१ साली पुण्यात महाग्रेप्स ही संस्था झाली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या. राज्य कृषी पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम यांनी हात दिला. द्राक्षे आपल्याकडे गोड होतीच. पण युरोपला बोटीने माल पोचायला आठवडे लागतात. घड तोडल्यावर त्यातली उन्हाची धग काही तासांत काढली नाही, तर वाटेतच तो बसतो. म्हणून बागेजवळ पूर्वशीतकरणाच्या खोल्या बांधल्या. नंतर शीतगृह. पेटीत बुरशी धरू नये म्हणून गंधकाच्या वायूचा कागद. पेटी किती किलोची, तिला भोके किती, घडाचा आकार केवढा, मण्याची जाडी किती मिलिमीटर, हे सारे तिकडच्या दुकानाच्या फळीवरून उलटे ठरत आले. तिकडे बाई अर्ध्या किलोचा डबा उचलते, म्हणून इथे बागेत घडाची विरळणी बदलली. आम्ही ज्याला डिझाईन म्हणतो ते हेच. पेटीचा रंग त्यात शेवटी येतो.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. २००६ साली अपेडाने ग्रेपनेट नावाची नोंदपद्धत सुरू केली. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट शेतकऱ्याच्या बागेपर्यंत माग काढता येतो. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. बागायतदारांना मोठा फटका बसला. पण धंदा बुडाला नाही. तपासण्यांच्या यादीत ते औषध आले, फवारणीच्या सवयी बदलल्या, आणि पुढच्या वर्षांत द्राक्षे पुन्हा गेली. नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली याच वाटेने पुढे गेली, हे सर्वांना ठाऊक आहे.

सभासद म्हणतील, नाशिकची जमीन वेगळी, माणसं वेगळी. आम्हास तसे वाटत नाही. नाशिकचा शेतकरीही एकेकाळी पोत्या-टोपल्यांतच माल पाठवत होता. फरक एवढाच, की माल परत आला तेव्हा त्याने तो का आला हे विचारले.

आमची फसगत

हे विचारायचे असते हे आम्हास फार उशिरा कळले. उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे बरे.

काही वर्षांपूर्वी आम्ही येलदरी भागातले आठ-दहा जण मिळून सेंद्रिय गुळाची पावडर करायला निघालो. ऊस आमचा, गुऱ्हाळ भाड्याचे. एकाच्या भाच्याने पाकिटावर बैलगाडी आणि उगवता सूर्य काढून दिला. पाकीट झकास दिसत होते. शहरातल्या एका प्रदर्शनात पहिल्या दिवशी बराच माल खपला. आम्ही परत येताना पेढे वाटले.

महिन्याने पावसाळा लागला आणि फोन येऊ लागले. गूळ हवेतली ओल ओढतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पण आम्ही घेतलेले प्लास्टिक पातळ होते आणि पाकीट एकदा फाडले की पुन्हा बंद होत नव्हते. पावडरीचे ढेकूळ झाले. एका बाईंनी फोनवर सांगितले, "दादा, गूळ चांगला आहे हो, पण मला तो खलबत्त्यात कुटावा लागतोय. मग मी ढेपच का घेऊ नये?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चित्रावर चार दिवस वाद घातला होता आणि पाकिटाच्या तोंडावर चार मिनिटेही बोललो नव्हतो. उरलेला माल घरोघरी वाटला, चहात घातला, थोडा जनावरांना गेला. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला हे जमत नाही असे आमच्या पोरांनी ठरवून टाकले. त्यांतले दोघे त्याच वर्षी पुण्याला कंपनीत कामाला गेले.

यात दोष कुणा दुसऱ्याचा नाही, आमचाच आहे. रंगीत पाकीट म्हणजे डिझाईन, असे आम्ही समजलो. ते वीस घरांत पावसाळाभर ठेवून पाहिले असते तर खर्च पाचशे रुपये आला असता आणि शहाणपण आधी आले असते.

पाण्याचा प्रश्न

आता मुद्द्यावर येतो. येत्या सभेत गाळपक्षमता वाढवण्याचा विषय येईल असे कानावर आहे. विरोधासाठी विरोध करणारी माणसे आम्ही नव्हेत. कारखाना आमचा आहे. तो वाढावा असे आम्हासही वाटते. पण वाढीचा एकच अर्थ आपल्याला ठाऊक आहे : जास्त ऊस, जास्त गाळप, जास्त पोती. जास्त उसाला जास्त पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलो नाही. येलदरीचा जलाशय भरला की आपण विसरतो आणि तळ दिसला की आठवतो. मराठवाड्यात टनाचा हिशेब करून भागणार नाही. एका थेंबामागे किती रुपये घरात आले, हा हिशेब करावा लागेल.

आणि इथेच डबीचा संबंध येतो. माल तेवढाच, पाणी तेवढेच, पण त्यातून उत्पन्न वाढवायचे असेल तर ते मालाच्या शेवटच्या टोकाला वाढते. गव्हाणीच्या टोकाला नाही, गिऱ्हाईकाच्या.

हळदीचे पाहा. आपल्या शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीने जगाच्या बाजारात एक लढाईही जिंकलेली आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाने घेतले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. म्हणजे नाव आहे, शास्त्र आहे, मंडळ आहे. आणि आपण मात्र अजून हळकुंडाचे पोते अडतीवर टाकून पट्टी घेऊन घरी येतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मानांकनाचे नाव कुणालाही लावता येत नाही. कोणते गाव हद्दीत आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कुणाची झाली, हे पाहावे लागते. आपले रान हद्दीत नसेल तर वसमतचे नाव लावणे म्हणजे कोल्हापूरच्या चपलेवर दुसऱ्याने शिक्का मारण्यासारखेच. ते आपण करू नये.

आमची सूचना

आमची सूचना लहान आहे. मोठ्या योजना आपण पुष्कळ पाहिल्या.

पहिली गोष्ट, सभेने सात जणांची एक समिती नेमावी. त्यात निदान तीन भगिनी असाव्यात, आणि त्या नावापुरत्या नसाव्यात.

दुसरी गोष्ट, एकच जिन्नस निवडावा. गुळाची वडी, गूळ पावडर किंवा हळद, यांतला एक. पाच जिन्नस एकदम काढले की पाचही अर्धवट राहतात.

तिसरी गोष्ट, माल तयार करण्याआधी वीस घरांत जावे. दहा घरे आपल्या भागातली, दहा परभणी-पुण्यातली. बाहेरदेशी आपली जी पोरे आहेत त्यांच्याकडूनही तिथल्या दुकानांतल्या फळीचे फोटो मागवावेत. काय विकायचे हे सांगायला जाऊ नये. कसे वापरता हे पाहायला जावे. स्वयंपाकघरात तासभर गप्प उभे राहणे पुढाऱ्यांना जड जाईल, म्हणूनच भगिनी हव्यात.

चौथी गोष्ट, पाकिटावर गट नंबरापर्यंत माग काढता येईल असा क्रमांक असावा. प्रत्येक लॉटची तपासणी व्हावी. परदेशात हळदीतले औषधांचे अंश आणि शिसे तपासतात; आपल्या लेकरांच्या ताटातली हळद तपासायला परदेशी गिऱ्हाईकाची वाट कशाला पाहायची? परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांचा सल्ला घ्यावा. अहमदाबादच्या किंवा मुंबईच्या डिझाईन संस्थेतल्या दोन विद्यार्थ्यांना महिनाभर आपल्याकडे राहायला बोलवावे. त्यांच्या जेवणाखाण्याची जबाबदारी आम्ही येलदरीकर घेतो.

पाचवी गोष्ट, पहिला माल पावसाळाभर घराघरांत ठेवून मगच बाजारात न्यावा. आम्ही जी फी भरली ती पुन्हा कुणी भरू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आधी एफआरपी द्या, मग डब्या करा. आक्षेप रास्त आहे. ऊसबिलातली एक पैही या कामाकडे वळवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचा खर्च ज्यांना वाटते त्यांनी स्वखुशीने द्यावा. आम्ही काही सभासदांनी आपसात तशी तयारी केली आहे. कारखान्याकडून आम्हास हवे आहे ते गोदामाचा एक कोपरा, प्रयोगशाळेचा थोडा वेळ आणि कारखान्याचे नाव. नाव सर्वांत मोलाचे. ते खराब झाले तर परत मिळत नाही, म्हणून ते देताना संचालक मंडळाने आमच्याकडून हवी ती हमी घ्यावी.

दुसरा आक्षेप असा, की कारखान्याचे काम साखर करणे, दुकान चालवणे नव्हे. यावर आम्ही एवढेच आठवण देतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हाही जाणकार म्हणत होते की शेतकऱ्याचे काम ऊस पिकवणे, कारखाना चालवणे नव्हे. १९५० साली त्या कारखान्याच्या चिमणीतून धूर निघाला आणि तो वाद संपला. त्या पिढीने बांधापासून गव्हाणीपर्यंतची वाट आपल्या ताब्यात घेतली. गव्हाणीपासून गिऱ्हाईकाच्या फळीपर्यंतची वाट घ्यायची राहिली आहे. ती आपल्या वाट्याची.

ती आखाती डबी आता रिकामी झाली आहे. मुलाच्या आईने ती धुऊन ठेवली आणि त्यात घरची हळद भरली. आम्ही विचारले, कशी वाटते? त्या म्हणाल्या, "डबी सोयीची हाय. पण वास आपल्याच हळदीला जास्त हाय."

आमचा सगळा विषय या दोन वाक्यांत आला. सभेत तो मांडू. आपण उपस्थित राहावे, आणि येताना घरच्या बाईमाणसांना बरोबर आणावे, ही विनंती.

आपले,
येलदरी भागातील काही सभासद